स्ट्रेचरशेजारची सीट

नवं हेलिकॉप्टर घ्यायचं ठरलं तेव्हा प्रत्येकाला त्यात काहीतरी वेगळं हवं होतं. पोलिसांना कॅमेरा हवा होता, वरून माणसाच्या शर्टाचं बटण दिसेल असा. अग्निशमनवाल्यांना खाली लटकवायची पाण्याची बादली हवी होती. पायलट लोकांना दोन इंजिनं हवी होती, एक रुसलं तर दुसरं असावं म्हणून. आणि मला एक सीट हवी होती. स्ट्रेचरच्या शेजारी, आजारी माणसाच्या डोक्याशी, एक साधी घडीची सीट. त्या सीटवरून मी जेवढी भांडले तेवढी माझ्या लग्नातही भांडले नाही, आणि लग्नात मी चांगलीच भांडले होते.

आमचं पथक पोलीस आणि अग्निशमन अशा दोघांचं मिळून एक आहे. मी तिथली देखभाल इंजिनियर. हेलिकॉप्टर उडवणारा वेगळा, ते उडण्यालायक आहे असं सही करून सांगणारी मी. माझं डोकं लवकर तापतं हे पथकात सगळ्यांना माहीत आहे. सोलापूरची आहे, दुसरं काय होणार.

जुन्या हेलिकॉप्टरला आम्ही म्हातारी म्हणायचो. तिचा एकेक बोल्ट माझ्या हाताखालून गेलेला. सकाळी इंजिन चालू करताना ती आधी खाकरायची, मग थरथरायची, मग एकदाची लयीत यायची. खंडेनवमीला आम्ही तिला हळदकुंकू लावायचो, झेंडूचा हार घालायचो, आणि इंजिन चालू करण्याआधी तो हार आठवणीनं काढून ठेवायचो. कारण पंख्याच्या आसपास कुठलीही सुटी वस्तू म्हणजे जिवाशी खेळ. फडकं असो, पिशवी असो, वाऱ्यानं उचललं आणि पंख्यात गेलं की संपलं. हे मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवते, आणि शिकवताना आवाज चढवते.

पण म्हातारीचे भाग मिळेनासे झाले होते. शिवाय तिला ऊन सोसत नव्हतं. हवा तापली की पातळ होते, पंख्याला धरायला काही उरत नाही, आणि मग हेलिकॉप्टर कमी वजन उचलतं. मे महिन्यात आमचे कॅप्टन उड्डाणाआधी माणसं मोजायचे आणि एकाला हमखास खाली उतरवायचे. तो एक म्हणजे बहुतेक वेळा मीच. पण एकदा, पावसाळ्यात, जागाच नाही म्हणून खाली राहिलेला तो एक माझा बाप होता, आणि सीटची सगळी गोष्ट तिथून सुरू होते.

मंद्रूपच्या पुढं, भीमेच्या अंगाला आमचं गाव. आबा मेंढरं राखायचे, थोडी ज्वारी करायचे. आईही त्यांच्याबरोबर रानोमाळ हिंडलेली. दोघांचं रोज भांडण व्हायचं आणि दोघांना एकमेकांवाचून घास उतरायचा नाही. आबा बाजाराला गेले तरी आई संध्याकाळी पाच वेळा रस्त्यावर येऊन बघायची, आणि ते आले की म्हणायची, आलात व्हय, मला वाटलं बाजारातच ऱ्हायला.

त्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटाला भीमा फुगली. गावाला चारी बाजूंनी पाणी. त्यातच आईच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं बंद झालं. आमच्या पथकाची म्हातारीच तिला आणायला गेली. मी तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात एका सुट्या भागासाठी गेले होते, मला कळलं ते फोनवर. गावाबाहेरच्या उंचवट्यावरच्या रानात कॅप्टननी हेलिकॉप्टर टेकवलं. इंजिन बंद करण्याइतकाही वेळ नव्हता, पलीकडच्या वस्तीवरची माणसं छपरावर बसून होती. स्ट्रेचर आत घातलं की म्हातारीची अर्धी बाजू भरायची. कॅप्टन, दवाखान्याचा पोरगा, स्ट्रेचर, संपलं. आबा आईचा डावा हात धरून दारापर्यंत पळत आले. तो हात त्या पोरानं सोडवला. सोडवावाच लागला.

त्या पोरानं मला नंतर सगळं सांगितलं. गुणी पोरगा. त्यानं वाटभर आईचा हात धरून ठेवला होता. आई त्याच्या तोंडाकडं बघायची, मग हात काढून घ्यायची आणि दाराच्या दिशेनं लांब करायची. पुन्हा त्यानं धरायचा, पुन्हा तिनं काढून घ्यायचा. हे सांगताना तो माझ्याकडं बघत नव्हता.

मी संध्याकाळी सोलापुरात दवाखान्यात पोचले. आईनं मला ओळखलं. माझ्याकडं बघायची, आणि मग माझ्या खांद्यावरून दाराकडं. मी तिला सांगत होते, येतायत, आबा येतायत, रस्ता बंद आहे. सकाळी ती गेली. आबा दुपारी आले, आधी होडी, मग ट्रॅक्टर, मग कुणाचीतरी गाडी असं करत, कमरेपर्यंत चिखलात. ते आईच्या पायाशी बसले. मग मला एवढंच विचारलं, की वर असताना ती घाबरली होती का. मी नाही म्हणाले.

यात चूक कुणाचीच नव्हती. कॅप्टनची नाही, त्या पोराची नाही, म्हातारीचीही नाही. जागा नव्हती, ताकद नव्हती. पण म्हणूनच नवं हेलिकॉप्टर घ्यायचं निघालं तेव्हा मी ठरवलं, की ह्या वेळी जागा असेल. बास.

निवड समितीचे अध्यक्ष पोलिसांतले मोठे साहेब. मूळचे टेंभुर्णीकडचे, पण बोलण्यात त्याचा मागमूस नाही. सगळं शुद्ध, मोजूनमापून, मध्ये मध्ये इंग्रजी. शर्टाची इस्त्री अशी की बसल्यावरसुद्धा मोडायची नाही. मला ते आवडत नव्हते, आणि मी त्यांना आवडत होते असं मला तरी कधी वाटलं नाही.

शेवटी दोन हेलिकॉप्टरं उरली, एक पांढरं आणि एक पिवळं. पांढरं दिसायला देखणं, वेगवान, आत गारेगार. कंपनीचा माणूस म्हणाला, नातेवाइकासाठी सीट आहे की मॅडम, ही बघा, पायलटच्या शेजारी. मी त्या सीटवर बसले, पट्टा बांधला आणि मागं हात लांब केला. हात मधल्या पडद्यावर आपटला. मी म्हणाले, पोचत नाही. त्यानं विचारलं, काय पोचत नाही? मी म्हणाले, हात. तो हसला, त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. माझी चेष्टा करायची पद्धत इतकी वाईट नाही.

पांढरं बाद झालं ते माझ्यामुळं नव्हे. चिंचोळी एमआयडीसीवर पाण्याची बादली घेऊन फिरवलं तेव्हा ते डुलायला लागलं आणि अग्निशमनचे अधिकारी खालून ओरडायला लागले. ते कशानं का होईना, गेलं.

पिवळं आडव्या अंगाचं, बुटकं, रूपाची बोंब. पण दार रुंद, आतली जमीन सपाट, दोन इंजिनं, आणि स्ट्रेचरच्या डोक्याशी भिंतीला एक घडीची सीट. मी ती उघडून बसले, हात लांब केला, तो थेट स्ट्रेचरवरच्या उशीला टेकला. मग साहेब म्हणाले, ही सीट काढून टाकू. तिच्या जागी प्राणवायूची जादा टाकी येईल, औषधाचं कपाट येईल.

मी तिथंच तापले. साहेबांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग शांतपणे सांगितलं, की उन्हाळ्यात एकेका किलोचा हिशेब असतो. घाबरलेला नातेवाईक वर गेल्यावर काय करेल सांगता येत नाही. दार उघडू पाहील, पायलटला धरेल. आणि कागदावरच्या आकड्यांनुसार ती सीट भरली तर भर दुपारी इंजिनाकडं हाताशी ताकद फार थोडी उरते. टेकता टेकता काही अडचण आली आणि पुन्हा वर उचलावं लागलं, तर उचलेल याची खात्री नाही. साहेब चुकीचं बोलत नव्हते, हाच तर वैताग. चुकीचं बोलणाऱ्याशी मला छान भांडता येतं.

त्या दिवशी कॅप्टन मध्ये पडले. आईला आणायला गेले होते ते हेच. पुराच्या त्या दिवसाबद्दल ते माझ्याशी कधी बोलले नव्हते, पण दर दिवाळीला आबांसाठी माझ्याजवळ फराळाचा डबा द्यायचे. ते म्हणाले, साहेब, कागद राहू द्या. मे महिना आहे, सोलापूर आहे, याहून तापलेली हवा कुठं मिळणार? सीट भरलेली धरून, पूर्ण वजन घेऊन, दुपारी एका साध्या रानात उतरवून बघू. जमलं तर सीट ठेवू, नाही जमलं तर काढू. साहेबांनी थोडा विचार करून हो म्हटलं. कुठलं रान, असं त्यांनी विचारल्यावर कॅप्टननी आमच्या गावाचं नाव घेतलं. पुरात टेकवलं होतं तेच रान.

मी गावात फोन करून सगळं बजावलं. कडबा हलवा, प्लास्टिक वेचा, वाळत घातलेलं काढा, शेरडं-मेंढरं बांधा. आबांना तर तीनतीनदा सांगितलं. ते दर वेळी म्हणाले, व्हय गं बाई, कळलं की. पुढच्या दोन दिवसांत त्यांनी सगळं रान स्वतः झाडून काढलं, पाणी शिंपडलं. हवालदार येऊन चुन्यानं मोठं पांढरं वर्तुळ काढून गेला.

चाचणीच्या दिवशी साहेब, अग्निशमनचे अधिकारी आणि दवाखान्याचा एक माणूस जीपनं मंद्रूपवरून पुढं जाऊन रानाच्या कडेला थांबले. हेलिकॉप्टरात कॅप्टन, त्यांच्या शेजारी कंपनीचा पायलट, आणि मागं मी. स्ट्रेचरवर वाळूची पोती. घडीच्या सीटवर पट्ट्यानं बांधलेलं वाळूचं आणखी एक पोतं. उन्हानं विमानतळाची धावपट्टी लवलवत होती. मी त्या पोत्याकडं बघत बसले होते. त्या पोत्यावर माझा जीव टांगलेला होता म्हटलं तरी चालेल.

गाव आलं. वाळलेली भीमा, कापलेल्या ज्वारीची रानं, आमचं पत्र्याचं घर. पांढरं वर्तुळ वरून झकास दिसत होतं. आम्ही खाली यायला लागलो. आणि मला वर्तुळाच्या बरोबर मधोमध एक काळा चौकोन दिसला.

तो चौकोन मी ओळखला. आमच्या घरच्या पेटीतलं घोंगडं. आमच्याच मेंढरांच्या लोकरीचं, पाहुणा आला की बाहेर निघणारं. आमच्यात पाहुण्याला आधी घोंगडं अंथरतात, मग पाणी देतात, मग कोण, कुठले ते विचारतात. माझ्या बापानं हेलिकॉप्टरला घोंगडं अंथरलं होतं.

वारा लागेल हेही त्यांच्या ध्यानात होतं. चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले होते. एक कोपरा उचलला गेला आणि दगड लांब गडगडत गेलेला मला दिसला. मी ओरडेपर्यंत कॅप्टननी पाहिलं होतं. इंजिनांचा आवाज एकदम बदलला. जमीन हाताला लागेल इतकी जवळ होती, ती तिथंच थबकली. हेलिकॉप्टर हवेत उभं राहिलं, पूर्ण वजनानं, त्या भट्टीसारख्या दुपारी. मी इंजिनाच्या काट्याकडं बघत होते. काटा लाल रेषेकडं सरकला, तिच्या अलीकडं थांबला आणि तिथंच राहिला. आणि पिवळं उचललं. कुरकुर नाही, थरथर नाही, एका बाजूला वळून ते सरळ वर गेलं. खाली घोंगडं फडफडत बांधाकडं गेलं आणि आबा त्याच्या मागं पळताना दिसले.

कॅप्टननी सगळ्या काट्यांवरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाले, “उचललं की हो.”

दुसऱ्या फेरीला आम्ही टेकलो. पंखा थांबायची वाट बघण्याइतकाही दम मला नव्हता, पण नियम माझेच, म्हणून थांबले. मग उतरले आणि तरातरा आबांकडं गेले. घोंगडं त्यांच्या काखेत, टोपीवर सगळी धूळ. हवालदार बाजूला खाली मान घालून उभा होता. त्या बिचाऱ्याला घोंगडं म्हणजे वर्तुळातली खूण वाटली होती. मी काय काय बोलले ते इथं सांगत नाही. आम्ही सगळे मेलो असतो, एवढं त्यातलं सांगण्यासारखं. साहेब तिथंच उभे होते, ऐकत होते. आबा निमूट ऐकून घेत होते. माझा दम संपल्यावर त्यांनी घोंगडं झटकलं आणि हळूच बोलले.

“गेल्या बारीला त्ये दारात आलं अन् तुज्या आयला घिऊन उभ्या उभ्याच गेलं. त्याला बस म्हनायचं बी ऱ्हाऊन गेलं. पावना असा जातो व्हय आपल्यातनं? म्हनलं, ह्या बारीला तरी घटकाभर बसंल.”

इतका राग आला होता आणि तो कुठं गेला कळलंच नाही. मी त्यांच्या टोपीवरची धूळ झटकत राहिले. तेवढंच सुचलं.

कॅप्टन मागून आले. साहेबांना म्हणाले, असा प्रसंग आपण ठरवून केला नसता, पण आपल्याला जे बघायचं होतं ते हेच होतं. सगळं वजन घेऊन, टेकता टेकता, भर उन्हात उचललं. साहेबांनी मान हलवली. मग ते म्हणाले, ताकदीचं कळलं, पण माणसाचं काय? घाबरलेला म्हातारा माणूस तिथं नीट बसू शकेल का, हे पोत्यावरून कळत नाही. आणि ते आबांकडं वळून म्हणाले, बाबा, जरा आत बसून दाखवता का? इंजिन बंद आहे.

आबांनी दाराशी वहाणा काढल्या. मी म्हणाले, घालून या, चालतं. त्यांनी ऐकलं नाही. आत येऊन सीट हातानं चाचपली आणि बेतानं बसले, घोंगडं मांडीवर घेऊन. कॅप्टननी त्यांचा पट्टा बांधला. स्ट्रेचरवरची पोती उतरवली होती, तिथं कुणीतरी आडवं पडायला हवं होतं. दवाखान्याचा माणूस पुढं झाला तर मी त्याला बाजूला केलं आणि स्वतः जाऊन निजले. मलाही पट्टे बांधले. छत दिसत होतं, आणि डोळे वर केले की आबांची हनुवटी.

कुणी काही सांगायच्या आत आबांचा हात आला. आधी माझ्या कपाळावर आला, ताप बघतात तसा. मग खांद्यावरून खाली येऊन त्यांनी माझा डावा हात शोधला आणि धरला. पट्टा ताणला गेला नाही, त्यांना वाकावंसुद्धा लागलं नाही. राठ हात, लोकरीचा वास येणारा. मांडीवरचं घोंगडं त्यांनी दुसऱ्या हातानं उलगडलं आणि माझ्या अंगावर घातलं. त्या उन्हात. मी हलले नाही. माझ्या डोळ्यांतलं पाणी कानात जात होतं आणि हात बांधलेले असल्यामुळं पुसता येत नव्हतं.

आबांनी कुणाकडं न बघता विचारलं, “म्हंजी आता कुनी एकटं जानार न्हाय न्हवं?”

मी त्यांची बोटं घट्ट धरली. कॅप्टन बाहेर बघत होते. साहेब दारात एक पाय आत टाकून उभे होते, इस्त्रीच्या शर्टावर घामाचा मोठा डाग. ते टेंभुर्णीचे आहेत हे मी कागदावर वाचलं होतं, कानांनी कधी ऐकलं नव्हतं.

“न्हाय आबा,” साहेब म्हणाले. “आता कुनी एकटं जानार न्हाय. हितं कुनीतरी बसंल.”

मग त्यांनी वाकून आबांचा पट्टा स्वतःच्या हातानं सोडला.